राग : दहापैकी दहा

माझे राग चांगले मुरलेले आहेत. एकही उतावीळपणे धरलेला नाही आणि धरल्यावर एकही सोडलेला नाही. कुठल्या कार्यात कुणाला हळदीकुंकू लावायचं राहिलं, कुणाच्या पानात जिलबी मोजून पडली, कोण कुणाला न सांगता जेवणाआधीच निघून गेलं, याची तपशीलवार माहिती आमच्या नात्यात माझ्याइतकी कुणाकडेच नाही. वाद पडला की लोक मलाच फोन करतात.

असं असताना भाची म्हणाली, “मामी, तू टॅपिंग का नाही करत? इमोशनल हीलिंग होतं.” ही माझ्या नणंदेची मुलगी. साध्या टॅपिंगचा कोर्स संपवून आता अ‍ॅडव्हान्स्डला पोचली आहे. माझ्या यादीत पहिलं नाव तिच्याच आईचं आहे, याची तिला बिचारीला कल्पना नाही.

टॅपिंग म्हणजे बोटांच्या टोकांनी स्वतःच्याच अंगावर टकटक करायचं. करंगळीखालची तळहाताची कड, टाळू, भुवईची सुरुवात, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड आणि काखेखाली. पहिल्या जागेला म्हणे ‘कराटे चॉप’ पॉइंट म्हणतात. मनःशांतीची सुरुवात कराट्यापासून, हे मला पहिल्या फटक्यात पटलं.

याचं मूळ अमेरिकेतलं. १९८०च्या सुमारास रॉजर कॅलहन या मानसशास्त्रज्ञाकडे मेरी नावाची एक बाई येत असे. तिला पाण्याची विलक्षण भीती. पाण्याचा नुसता विचार आला तरी पोटात कसंसंच होतं, म्हणाली. चिनी वैद्यकात पोटाच्या ऊर्जावाहिनीचा एक बिंदू डोळ्याखाली मानतात, हे कॅलहनला आठवलं. त्याने तिथे टकटक करायला लावलं, आणि तो सांगतो त्याप्रमाणे बाई उठल्या त्या थेट स्विमिंग पूलकडे धावल्या. मग त्याने एकेका दुखण्याला टकटकीचा वेगळा क्रम लावून दिला. इतकं लक्षात कोण ठेवणार? १९९०च्या दशकात गॅरी क्रेग या स्टॅनफर्डच्या इंजिनिअरने सरळ ठरवून टाकलं, की दुखणं कुठलंही असो, सगळ्याच बिंदूंवर ठोका. लागायचा तो लागेल. त्याचंच नाव इएफटी. आमचे हेही इंजिनिअर. मिक्सर बंद पडला की त्यांचा उपाय नेमका हाच असतो.

भाचीने मला सोफ्यावर बसवलं. “विषय काय घेऊ या?” मी म्हटलं, “गुडघा.” आईचं नाव लेकीसमोर कसं घेणार? ती गेल्यावर दार लावून मी खरा विषय घेतला. साडी.

या भाचीच्याच बारशाला मी वन्संना मोरपंखी साडी नेसवली होती. रिठा रंगाचे काठ, बारीक कुयरी. पुढे आमच्या चिरंजीवांच्या मुंजीत वन्संनी मला आहेर केला. घडी उलगडली तर तीच मोरपंखी, तीच कुयरी, आणि पदराच्या आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी : ‘वन्संना, बाळाच्या बारशानिमित्त.’ मी ती साडी नेसले नाही आणि कुणाला दिलीही नाही. पुरावा आहे तो.

आधी रागाला शून्य ते दहा गुण द्यायचे. मी दहा दिले. अकराची सोय नव्हती. मग कराटे चॉपवर टकटक करत म्हणायचं, “वन्संनी माझीच साडी मला आहेर केली याचा मला राग येत असला, तरी मी स्वतःला मनापासून आणि पूर्णपणे स्वीकारते.” हे मी तीनदा म्हटलं. स्वतःला स्वीकारण्यात मला कधीच अडचण नव्हती. वन्संना स्वीकारायला सांगितलं असतं, तर तिथेच कोर्स संपला असता.

यानंतर ‘नाइन गॅमट’ नावाचा प्रकार. हाताच्या पाठीवर, करंगळी आणि अनामिकेच्या मधोमध टकटक चालू ठेवायची. मान न हलवता डोळे मिटायचे, उघडायचे, खाली उजवीकडे बघायचं, खाली डावीकडे बघायचं, बुबुळं गोल फिरवायची, मग उलटी फिरवायची. एखादी चाल गुणगुणायची, एक ते पाच आकडे म्हणायचे, पुन्हा गुणगुणायचं. गुणगुणणं मेंदूच्या उजव्या बाजूसाठी, आकडे डाव्या बाजूसाठी, असा हिशेब. मी आरतीची चाल धरली होती आणि बुबुळं उलट्या फेरीत होती, तेवढ्यात हे आत आले.

“अगं, डॉक्टरांना फोन करू की गुरुजींना?”

“काही नको. कोंडलेल्या भावना मोकळ्या करतेय.”

“कोंडल्या होत्या? कधी?”

रागाच्या यादीत तिथल्या तिथे एक नवी नोंद झाली.

टॅपिंगवर संशोधनही झालेलं आहे. वेट आणि होल्डर या दोघांनी २००३मध्ये भीती असलेल्या विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटाने नेमक्या बिंदूंवर टकटक केली, दुसऱ्याने हातावर भलतीकडेच, तिसऱ्याने तर चक्क बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती कमी झाली. ज्यांनी काहीच टकटकलं नाही, त्यांची तशी झाली नाही. म्हणजे बिंदूंत फारसं काही नसावं. त्रासाची गोष्ट पळ न काढता आठवत बसणं आणि तेव्हा हाताला काहीतरी चाळा असणं, यातच गुण असावा. दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून बाहुलीला टोचतात हे ऐकून होते. आपलं बरं व्हावं म्हणून तिला थोपटतात, हे नवीनच!

क्रेग आणखी एक गृहपाठ देतो. आयुष्यातले सलणारे निदान पन्नास प्रसंग लिहून काढा, प्रत्येकाला सिनेमासारखं नाव द्या आणि रोज थोडे थोडे टकटकून निकालात काढा. माझे पन्नास नुसत्या सासरच्या लग्नकार्यांत भरले. माहेरकडच्यांसाठी नवी वही लागली.

आणि घोटाळा असा, की टकटकीने साडी खरंच उतरायला लागली. दहाची आठ झाली, आठाची पाच. पाचावर आल्यावर मला धास्तीच वाटली. उद्या ही शून्यावर आली, तर वन्संशी मी बोलायचं काय? पुढच्या कार्यात बायका माझ्याभोवती जमणार कशासाठी? मी लगेच मावशीला फोन लावून साडीची हकीकत पहिल्यापासून, चिठ्ठीसकट सांगितली. नऊ!

तेव्हा माझं मत असं : लिफ्टची भीती, भाषणाआधीची धडधड, दातांच्या डॉक्टरांची खुर्ची, यासाठी खुशाल टकटक करा, पैसे पडत नाहीत आणि कुणाला इजा होत नाही. दुखणं खोल असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर टकटक डॉक्टरांच्या दारावर करा. आणि नातेवाइकांपायी टॅपिंगला बसणार असाल, तर आधी पन्नासांची यादी करा आणि त्यातले दोन-चार ठेवणीतले राग बाजूला काढून मगच बसा.