आधी उंदीर

आमच्या कर्जतला (लोकलवालं नव्हे, रेहेकुरीच्या काळविटांचं) बायोमेडिकल इंजिनिअरिंगात पीएचडी करणारा पोरगा सुट्टीला आला, की पारावर दुखऱ्या गुडघ्यांची रांग लागते. डॉक्टरच ना तो! बिचारा सांगतो, मी लॅबमध्ये पेशी वाढवतो. म्हणजे पोल्ट्रीच की! तसं चूक नाही: तापमान ३७ अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य, मग रविवार असो की पाडवा. पोसणाऱ्याला जानेवारी २०२३पासून जेआरएफ या संशोधन-फेलोशिपचे महिना ३७ हजार मंजूर. अंशाला हजार, हिशेब चोख. फक्त पेशींना उसनवारी जमत नाही, म्हणून त्यांचं खाद्य वेळेवर. फेलोशिप येते मृगाच्या पावसासारखी.

"मंग आमच्या गुडघ्याचं कवा?"

"तात्या, आधी उंदरांचा नंबर."