घर नसलेल्याची घरपट्टी

दुसऱ्यांचे हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. गेली सव्वीस वर्षे निरनिराळ्या सरकारी खात्यांच्या चुका लाल शाईने काढतो आहे. म्हणून पुढचा किस्सा पाहुण्यांना सांगताना बायको सुरुवातच अशी करते, "आणि हे ऑडिटमध्ये आहेत, बरं का!"

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला राहतो. टाइप थ्री क्वार्टर, दुसरा मजला, पिवळट भिंती, खिडकीत कूलर. 2025 च्या फेब्रुवारीअखेर पेपरात आले, की महापालिकेच्या सभागृहाने ठराव केला आहे : शंभर गजांपर्यंतच्या घरांना हाउस टॅक्स माफ, शंभर ते पाचशे गजांपर्यंतच्यांना निम्मा. फुकट ते पौष्टिक या तत्त्वावर वाढलेला माणूस मी. चहा तसाच टाकून बाजारातून मोजायची टेप घेऊन आलो.

घर मोजणे वाटते तितके सोपे नाही. दिवाण सरकवला, तर खालून मुलाचा आठवीतला एक बूट निघाला. (दुसरा तेव्हाच फेकला होता, त्यावरून आधी भांडण झाले.) टेपचे एक टोक बायकोच्या हाती, दुसरे माझ्या. "अहो, भिंतीची जाडी धरायची का?" तिने विचारले. कमी भरावे म्हणून मी म्हटले, "नाही." शेवटी पंचावन्न चौरस मीटर भरले, म्हणजे जेमतेम सहासष्ट गज. आपण चक्क माफीत बसतो!

आता नेमके किती वाचले, ते कळल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. दिल्लीत 2004 पासून युनिट एरिया पद्धत आहे. वसाहतींचे ए ते एच असे आठ गट. ए गटाला चौरस मीटरमागे 630 रुपये, एच गटाला 100. त्याला क्षेत्रफळाने गुणायचे, मग इमारतीच्या वयाचा गुणक, बांधकामाचा गुणक, वापराचा गुणक. आपला गट कोणता, हे शोधायच्या आधीच स्वाभिमान आडवा आला आणि मी स्वतःला सी गटात बसवून टाकले : 400 रुपये. इमारत साठच्या दशकातली धरली, म्हणून 0.6. एकूण 13,200, त्यावर 11 टक्के, म्हणजे 1,452 रुपये. मालक बाई असेल तर आणखी 30 टक्के सूट मिळते, हे वाचल्यावर त्या रात्री मी क्वार्टर मनातल्या मनात बायकोच्या नावे केले. ती म्हणाली, "कधी नव्हे ते काही दिलंत!"

त्या ठरावात एक फट होती, आणि ती मला दिसली होती. कराचे दर 15 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, असे महापालिकेचा 1957 चा कायदा सांगतो. ठराव आला त्यानंतर, आणि प्रशासनाने त्यावर हरकत घेतलीच. दुसऱ्या कुणाच्या फायलीत असे दिसते, तर मी पाच पानी टिपण लिहिले असते. स्वतःच्या फायद्याची फाइल असली की चष्मा आपोआप कपाळावर जातो.

अर्ज घेऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या तरुणाने विचारले, "यूपिक नंबर?" म्हणजे घराचा ओळख क्रमांक. मी सांगितले, नाही. "पिछली रसीद?" तीही नाही. मग तो पत्ता वाचू लागला. "ये तो सरकारी क्वार्टर है. मकान किसका है, अंकल?"

"सरकार का," मी म्हणालो.

"तो माफी सरकार माँगेगी ना!" मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसले. अंकल म्हटल्याचे जास्त लागले.

संध्याकाळी जिन्यात शेजारचे तमिळ गृहस्थ भेटले. मलई मंदिरात दर्शन घेऊन येत होते, कपाळावर ताजी विभूती. सगळे ऐकून शांतपणे म्हणाले, "आर्टिकल दो सौ पचासी." केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा पालिकेचा कर लागत नाही, हे घटनेतच लिहिले आहे. आणि माझ्या पगारातून दरमहा कापली जाते ती लायसन्स फी, कर नव्हे. पगारपत्रकावर हा शब्द मी सव्वीस वर्षे वाचतो आहे.

एवढ्यावर निभावले असते. पण हे सगळे फोनवर ऐकून पुण्याच्या मेहुण्याने विचारले, "दाजी, ते सोडा. इथल्या फ्लॅटचं पीटी-थ्री भरलंत ना?"

कोथरूडला आमचा खराखुरा, कर्ज फेडून मोकळा झालेला फ्लॅट आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला घरपट्टीत 40 टक्के सवलत 1970 पासून मिळत होती. मध्यंतरी ती गेली, 2023 मध्ये परत आली. त्यासाठी पीटी-थ्री नावाचा अर्ज, सोबत सोसायटीचे पत्र आणि तिथे राहत असल्याचा पुरावा : मतदार कार्ड, लायसन्स, गॅसचे कार्ड, यांपैकी काहीतरी. माझ्याकडे यांतले सगळे आहे. सगळ्यांवर पत्ता आर. के. पुरमचा. कागदपत्रे अद्ययावत हवीत म्हणून मी स्वतः एकेका कचेरीत खेटे घालून तो बदलून घेतला होता. आणि फ्लॅटला तर कुलूप आहे. राहतो असे लिहून सही करायला ऑडिटवाल्याचा हात धजेना.

म्हणजे जिथे घर नाही तिथे माफी मागून आलो, आणि जिथे आहे तिथली पट्टी पूर्ण भरली. पावती फाइलला लावत होतो, तेवढ्यात बायको टेप घेऊन आली.

"आणलीच आहे, तर खिडकी मोजा. नवा कूलर घ्यायचाय."

मोजली. कूलर आला. दोन इंच मोठा निघाला.