अणूसाहेब, आपलं नक्की गाव कोणतं?

मानेसर, हरियाणा

परमपूज्य श्री. अणूसाहेब यांस,

कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. यजमानांची चाकणहून मानेसरला बदली झाली. सामान ट्रकने आलं, एक आरसा फुटला, बाकी सगळं होतं तसं पोचलं. आपण मात्र वाटेतच मोठे झालात! पुणे जिल्ह्यात आपण मूलद्रव्याचा लहानात लहान कण होतात. इथे उतरलात ते थेट रेणूच्या खुर्चीत बसलात आणि आपल्या जागी परमाणु आले. आमचा बिचारा रेणू इथे फक्त मुलीच्या नावापुरता उरलाय. एवढी बढती कुणाला मिळते?

माझ्या लेकीवर तर आपले थोर उपकार आहेत. आठवीला मराठी माध्यमात ‘अणूचे अंतरंग’ हा तिचा आवडता धडा होता. नववीला इथल्या हिंदी शाळेत चाचणीत प्रश्न आला : जल के एक अणु में कितने परमाणु होते हैं? तिने विचार केला, अणूच्या आत प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे परमाणु तेच असणार. ऑक्सिजनचे 8, 8 आणि 8 मिळून 24. दोन हायड्रोजनचे प्रत्येकी एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, ते 4. उत्तर लिहिलं 28. हवं होतं 3. मिळाला भोपळा.

तो कागद मी जपून ठेवलाय, साहेब. त्यातली एकही बेरीज चुकलेली नाही. बाईंना मी दोष देत नाही. मराठीत आपला अर्थ वेगळा आहे, हे त्यांना कोण सांगणार होतं?

आपले स्नेही श्री. क्षार यांनाही नमस्कार सांगावा. आमच्याकडे आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. इथे त्या क्षाराला लवण म्हणायचं, आणि क्षार म्हणजे अल्कली. आमच्याकडे जो शेवटी निघतो, तो इथे सुरुवातीलाच परीक्षानळीत हजर!

सौ. पेशी यांचंही कौतुक करावं तेवढं थोडं. “लेक पेशींचा अभ्यास करतेय,” असं शेजारच्या आंटींना सांगितलं, तर त्यांनी काळजीने विचारलं, कोर्टात कसली केस आहे?

याच मानेसरात राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र आहे. तिथून जाताना मी लेकीला म्हटलं, “इथे चेतापेशींवर संशोधन चालतं.” ती घाईने म्हणाली, “आई, तंत्रिका कोशिका म्हण. नाहीतर मी पेपरात चुकेन.” त्या दिवसापासून ती माझ्याशी विज्ञानाचं मराठीतून बोलत नाही. याबद्दल आपले आभार कोणत्या शब्दांत मानू, तेवढं कळवावं.

आपली बाजू मला ठाऊक आहे. अविभाज्य कणाला कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणु म्हणतात. हिंदीने तोच धरला. मराठीने आपल्याला धरलं, म्हणून आम्ही अणुबॉम्ब म्हणतो आणि इथे परमाणु बम म्हणतात. तुर्भ्याचं भाभा अणू संशोधन केंद्र हिंदीत भाभा परमाणु अनुसंधान केंद्र होतं. दोन्ही शब्द बरोबर आहेत. महाराष्ट्राचं भाषा संचालनालय 1960चं, दिल्लीचा वैज्ञानिक शब्दावली आयोग 1961चा. दोघांनी एकाच संस्कृत विहिरीचं पाणी भरलं, हंडे वेगळे. आजही लेकरू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं, की सगळं पाणी त्याच्याच अंगावर सांडतं.

तेव्हा विनंती एवढीच, की जिथे पुस्तकं छापतात तिथे आपण आपलं वजन खर्चावं. कुणाचाही शब्द बदलू नये. प्रत्येक विज्ञानाच्या पुस्तकात शेवटी एकच पान द्यावं : मराठी, हिंदी, इंग्रजी, शेजारी शेजारी.

आणि चाकणहून, वाळूजहून बदलीवर इकडे निघालेल्या आईबापांनो, ते पान येईपर्यंत थांबू नका. वहीत रेघा मारा आणि लिहून काढा : अणू म्हणजे परमाणु, रेणू म्हणजे अणु, मूलद्रव्य म्हणजे तत्व, संयुग म्हणजे यौगिक, क्षार म्हणजे लवण, पेशी म्हणजे कोशिका. सामान बांधायच्या आधी.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई