मातीतले भाऊ

भाऊंना डांबर हा पदार्थ मान्य नाही. रस्ता कसा असावा, तर पहिल्या पावसात वाहून जावा, असं त्यांचं स्पष्ट मत आहे आणि आमच्या भागातले रस्ते ते दरवर्षी मनावर घेतात. सगळं पुणे खड्ड्यांना शिव्या देत असतं तेव्हा भाऊ फूटरेस्टवर उभे राहून, गुडघे किंचित वाकवून, आरएक्स हंड्रेडवरून देवदर्शनाला निघाल्यासारखे प्रसन्न चेहऱ्याने जात असतात.

वय ५८. दोन्ही कॉलरबोन एकेकदा आणि डावा घोटा दोनदा मोडलेला. ही यादी ते पदव्यांसारखी सांगतात. पूर्वी पुण्यात मोटोक्रॉसच्या शर्यती व्हायच्या, तिथे ते याच गाडीवर उतरत. किती शर्यती जिंकलात असं विचारलं की ते त्या वेळच्या चिखलाबद्दल बोलू लागतात.

असा एक भाऊ कोल्हापुरात असतो, नाशकात असतो, गोव्यात तर गल्लीगणिक असेल. त्याची खूण एकच. तुम्ही कुठलीही नवी गाडी दाखवा, तो आधी टायर बघतो आणि मग तुमच्याकडे दयेने बघतो.

‘माती शिकवते. डांबर नुसतं सहन करतं,’ हा भाऊंचा सिद्धांत. ज्याला मातीत गाडी आली त्याला स्पोर्ट बाईक शिकावी लागत नाही, ती आपोआप येते. साक्षीला ते केनी रॉबर्ट्सला बोलावतात. कॅलिफोर्नियातला हा गडी मातीच्या गोल ट्रॅकवर गाडी आडवी घसरवत मोठा झाला, युरोपात गेला आणि १९७८, १९७९, १९८० अशी सलग तीन वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता ठरला. त्याआधी एकाही अमेरिकनाला ते जमलं नव्हतं. रॉबर्ट्स संपला की निकी हेडन, २००६. मग केसी स्टोनर, २००७ आणि २०११. शेवटी व्हॅलेंतिनो रॉसी, ज्याने इटलीत तावुल्लियाला सरावासाठी स्वतःचा मातीचा ट्रॅकच करून घेतला. ‘नऊ वेळा जगज्जेता झालेला माणूस मातीत जातो, आणि तुम्ही गाडीला चिखल लागला की फडकं शोधता!’ ही नावं भाऊ अशी घेतात, की सगळी मंडळी धनकवडीत त्यांच्याच वाड्यात भाड्याने राहत होती असं वाटावं.

त्यांच्या पुतण्याकडे आरसी ३९० ही स्पोर्ट बाईक आहे. मुलगा मोजकं बोलतो.

‘काका, २०१७ साली रॉसीचा पाय मोडला तो एंड्युरोच्या सरावात. मातीतच.’

‘मोडणारच. शिकताना मोडतो.’

‘तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.’

‘शिक्षणाला वय नसतं.’

‘आणि तुमचा रॉबर्ट्स डांबरावर आला तेव्हा त्याने पाय नाही बाहेर काढला. गुडघा काढला. सीटवरून खाली सरकून आत लोंबायची पद्धत त्यानेच तर गाजवली.’

यावर भाऊंनी चहा मागवला. वादात हरत आलं की ते चहा मागवतात. पैसे मात्र जिंकणाऱ्याने द्यायचे.

अखेर ऑगस्टमधल्या एका रविवारी ताम्हिणीपर्यंत गाड्यांची अदलाबदल ठरली. भाऊ आरसीवर, पुतण्या आरएक्सवर धूर काढत मागे, आणि त्याच्या मागे साक्षीदार म्हणून मी, ॲक्टिव्हावर.

पिरंगुटच्या घाटात पहिल्याच डाव्या वळणाला भाऊंनी सवयीने आतला पाय काढला. मातीत तो पुढे सोडायचा असतो, गाडी घसरलीच तर टेकायला. आरसीचे फूटरेस्ट मागे आणि वर. तिथून पाय पुढे आणणं म्हणजे पद्मासन न मोडता लाथ मारणं. पाय निघाला तोवर वळण संपलं होतं, आणि पाय परत जागेवर गेला तोवर पुढचं वळण आलं होतं. वरून अंगाचा कारभारही उलटा. मातीत गाडी आडवी करायची आणि आपण तिच्यावर सरळ बसायचं, बाहेरच्या फूटरेस्टवर भार देऊन. डांबरावर त्याच वेगाला गाडी कमी झुकावी म्हणून आपणच आत झुकायचं. भाऊ ताठ होते. मागून बघताना, पडत्या घोड्यावर बसून कुणी भाषण करतंय असं दिसत होतं.

मग मागचा ब्रेक. मागचं चाक लॉक करून गाडी वळवणं ही भाऊंची लाडकी विद्या. त्यांनी पेडल दाबलं आणि एबीएसने पायाखालून टकटक करून नकार कळवला. ‘गाडी उलट बोलते रे!’ भाऊ ओरडले. मागच्या चाकाचा एबीएस बंद करणारा सुपरमोटो नावाचा मोड त्या गाडीत असतो, हे पुतण्याने काकांना आजतागायत सांगितलेलं नाही.

‘काका, पुढचा ब्रेक! ब्रेक लावला की वजन पुढे येतं, डांबरावर पकड पुढच्या चाकाला असते!’ पौडला थांबून पुतण्याने विनवलं. पुढचा ब्रेक हे भाऊंच्या लेखी मातीत तोंडावर पडायचं साधन. त्यांनी मान हलवली, पण कशाला ते कळलं नाही.

ताम्हिणीत पावसाने डोंगराची तांबडी माती एका वळणावर आणून पसरली होती. आमच्या पुढची दोन पोरं, गुडघ्याला प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेली, ती माती बघून ब्रेकवर तुटून पडली. एक गवतात गेला, दुसरा रस्त्याच्या मधोमध थरथरत उभा. दोघेही धड होते. भाऊ मात्र त्या मातीवरून स्वतःच्या घरात शिरावं तसे गेले. सीटवरून जरासे उठले, हात सैल, थ्रॉटल होता तिथेच, नजर मातीच्या पलीकडे जिथे पुन्हा डांबर लागतं तिथे. मागचं चाक वीतभर बाहेर गेलं आणि परत आलं. त्यांनी त्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

‘भाऊ, काय केलंत तिथे?’ मी नंतर विचारलं.

‘कुठे?’

माझ्या मते मातीतून डांबरावर येतं ते एवढंच, आणि ते फार आहे. गाडी पायाखाली हलली की बाकीच्यांचं काळीज थांबतं आणि पाठोपाठ हात आवळतात. मातीवाल्याला ती हलणारच हे ठाऊक असतं. हातपाय नव्याने शिकवावे लागतात, पाठ तर मुळापासून. पण ही बेफिकिरी विकत मिळत नाही. गंमत अशी, की भाऊ आयुष्यभर फुशारकी मारत आले ती पायाची आणि मागच्या ब्रेकची. या गोष्टीची नाही. ती आपल्याकडे आहे याचा त्यांना पत्ताच नाही.

परतताना मिसळीच्या हॉटेलाबाहेर सगळे थांबलो. पार्किंगला डांबर नव्हतं, सुटी खडी. अख्ख्या दिवसात भाऊंना लाभलेली स्वतःच्या हक्काची जमीन एवढीच. ते ऐटीत आत वळले. आरसीचं हँडल आरएक्सइतकं वळत नाही हे तिथे कळलं, समोर मिसळ घेऊन निघालेला पोऱ्या आला, आणि ऐन वेळी भाऊंना पुतण्याचा उपदेश आठवला. हँडल पूर्ण वळलेलं, खाली खडी, आणि त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. दिवसभरात पहिल्यांदाच, आणि चार बोटांनी.

गाडी उजवीकडे, सावकाश, एखादी म्हैस बसावी तशी बसली. पोऱ्याने ताट सावरलं, रस्सासुद्धा सांडला नाही. भाऊंना काही झालं नाही. ब्रेकचा लिव्हर तेवढा मुळातून तुटला.

पुतण्या आ वासून बघत होता. भाऊ उठले, पँट झटकली आणि कमरेचा पाऊच उघडला. ‘घाबरायचं नाही. मातीतला माणूस लिव्हर बरोबर ठेवतो.’ त्यांनी खरंच कागदात गुंडाळलेला, ग्रीस लावलेला नवाकोरा लिव्हर काढून पुतण्याच्या हातावर ठेवला.

तो आरएक्स हंड्रेडचा होता. त्याला तार लागते.