पालक गाठण्याची पहिली पुस्तिका

पहिल्या नेमणुकीचा आदेश घेऊन अमरावती-अकोल्याकडे आलेल्या नव्या सरांना आणि मॅडमना अध्ययन निष्पत्ती तोंडपाठ असतात. पालकाशी बोलायचं कसं, हा धडा बहुधा पुस्तकाच्या शेवटी असावा; परीक्षेआधी तिथवर कोण पोचतं? ही पुस्तिका त्यांच्यासाठी.

आधी सभा रिकामी ठेवण्याची रीत. सोयाबीन सवंगणीला आलं असताना बुधवारी सकाळी अकराला पालकसभा ठेवा. सूचनेची चिठ्ठी पोरांच्या हाती पाठवा, म्हणजे ती दप्तरातच मुरेल. मग इतिवृत्तात लिहा, ‘पालकांमध्ये उदासीनता आढळली.’ मागची वही उघडलीत तर आधीच्या गुरुजींनीही हेच लिहिलेलं सापडेल, अक्षर तेवढं वेगळं.

लोक यावेत असं खरोखर वाटत असेल, तर शेताकडे पाहून तारीख काढा. जून-जुलैत पेरणी, मग डवरणी-निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन, त्यानंतर कापूस. वेचणी बायकांच्या हातची आणि मजुरी किलोवर. तुमच्या तासाभराच्या मार्गदर्शनाची किंमत त्या माउलीनं सभेला निघण्याआधीच किलोत मोजलेली असते. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र बरेच मजूर सुट्टी धरतात. तो दिवस गाठा, नाहीतर रात्र.

रात्रीचं नवल वाटू देऊ नका. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा हे वऱ्हाडातल्या पालकसभेचे सगळ्यात यशस्वी संयोजक म्हणायला हरकत नाही. दिवसा हातात खराटा, गाव झाडून काढायचं. लोक रानातून परतले, जेवले की रात्री कीर्तन. भाषा लोकांची, आणि सारखे प्रश्न विचारून उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. पोरांना शिकवा, त्यासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी घ्या, हे ते अशा माणसांना सांगत होते ज्यांच्या घरात पाटी आलेली नव्हती. परिपत्रक नाही, सहीची वही नाही, जिओटॅग फोटो नाही, तरी गर्दी. आपण नेमका क्रम उलटा करतो: आधी भाषण, खराटा शिपायाच्या हाती.

आता घरभेट. छपरीत खाट टाकली जाईल, तिच्यावर बसा. खुर्ची मागू नका. चहाला नाही म्हणू नका. दूध नसेल तर काळा येईल, तोही गोड मानून घ्या. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं गाव असेल आणि पाणी मचूळ लागलं, तर चेहरा सरळ ठेवणं हा प्रशिक्षणाचाच भाग समजा. त्या घरातल्या पिढ्या तेच पाणी पीत आल्या आहेत.

तुम्हाला दारात पाहताच पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काय केलं जी आमच्या पोट्ट्यानं?”

यात त्यांची चूक नाही. शाळा घरी येते ती तक्रार घेऊन, नाहीतर आधार आणि पासबुकाची झेरॉक्स मागायला. म्हणून पहिल्या भेटीत या दोन्ही वस्तू सोबत नेऊ नका. “काही नाही काकाजी. काल वजाबाकी त्यानंच फळ्यावर सगळ्याइले समजावून सांगितली,” एवढं बोला आणि थांबा. समोरून थोडा वेळ संशयानं पाहिलं जाईल. “मंग आले कायले?” हा पुढचा प्रश्न. “हेच सांगाले,” हे उत्तर. त्या रात्री ते पोरगं घरात जरा ताठ बसेल, आणि दुसऱ्या भेटीत वाचन कच्चं असल्याचं सांगितलंत तर बाप ऐकून घेईल.

कधीतरी उदार परवानगीही मिळेल, “सर, हाना बिनधास्त. हड्डी आमची, चामडी तुमची.” शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करतं, पण खाटेवर बसून कलम सांगू नये. “मारलं तं पोरगं पुस्तकालेच भेते काकाजी,” हे पुरतं.

‘घरी अभ्यास घ्या’ हे वाक्य मात्र हद्दपार करा. ज्या आईला शाळेत बसायलाच मिळालं नाही, तिनं कसला अभ्यास घ्यायचा? तिला सांगा, संध्याकाळी आजचा वेचा किती किलो, भाव काय, पैसे किती झाले, हे पोरीकडून काढून घेत जा. गुणाकार पक्का होतो, शिवाय मापात गफलत झाली तर ती तिथेच सापडते. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख, खताच्या गोणीवरचं वजन वाचायला लावा. असा गृहपाठ कुठलीच आई विसरत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या बाया, असा कायदाच आहे. प्रत्यक्षात ‘तिच्याकडून मीच आलो’ म्हणणारे नवरे येतील. त्यांना चहा द्या. खिचडीचा विषय निघाला की बाईंनाच बोलावून घ्या. डाळ किती शिजली यावर नवऱ्याला काही म्हणता येत नाही, आणि एकदा बोललेली बाई पुढच्या विषयावर गप्प बसत नाही.

व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात: फोन बापाच्या खिशात, बाप शेतात. पीडीएफ कोणी उघडत नाही. वऱ्हाडी बोलीतला अर्ध्या मिनिटाचा आवाज ऐकतात.

धारणी-चिखलदऱ्याला नेमणूक असेल तर घरची भाषा कोरकू. अंगणवाडीच्या ताईंकडून चार वाक्यं शिकून घ्या. चुकलात तर पोरं हसतील, आणि तीच ओळख. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं होळीला परततात. मोठी सभा तेव्हाच ठेवा, फक्त लांबवू नका.

शेवटी एक अपेक्षित अडथळा. तुम्ही वाचनाविषयी बोलायला लागाल आणि समोरचा फोन पुढे करील, “सर, थे पीएम किसानचं ई-केवायसी करून देता का?” हे शिक्षकाचं काम नव्हे, असं मनात येईल. करून द्या. ओटीपी येईपर्यंत तो कुठे जाणार नाही, तेवढ्यात पोरीच्या वाचनाचं बोलून घ्या. मेळघाटात असाल तर रेंज शोधण्यात अर्धा तास जातो, गणिताचंही होईल.