फ्लॉवरकडे भाताचा अतिरिक्त कार्यभार

शहरातल्या सुशिक्षित आणि मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजणाऱ्या कुटुंबांना कळवण्यात येते की, आपापल्या स्वयंपाकघरातील प्रशासकीय फेरबदल तत्काळ अमलात आले आहेत. भात निलंबित झाला आहे. बटाट्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं आहे. पोळीची खातेनिहाय चौकशी सुरू असून, ग्लुटेन बाळगल्याचा ठपका तिच्यावर आहे. एवढी पदं एकदम रिक्त झाल्याने जेवण ठप्प होऊ नये, यासाठी या सर्वांचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेशापर्यंत फ्लॉवरकडे सोपवण्यात येत आहे. पुढील आदेश डाएटिशियन काढेल किंवा मोबाइलवरचं रील. जे आधी येईल ते.

अतिरिक्त कार्यभार ही गोष्ट आपल्या राज्याला नवी नाही. एकच अधिकारी दोन तालुके सांभाळतो, एकच गुरुजी चार इयत्ता शिकवून वर मतदारयाद्याही तपासतात. त्यामुळे फ्लॉवरने सकाळी उपमा, दुपारी भात, संध्याकाळी पिझ्झ्याचा बेस आणि रात्री मॅश्ड पोटॅटो व्हायचं, यात कोणालाच वावगं वाटलं नाही. फ्लॉवरला वाटलं असेलही, पण त्याला विचारतो कोण?

त्याचं सेवापुस्तक तरी बघा. १८२२ साली इंग्लंडमधल्या क्यू उद्यानातून त्याचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं, ही त्याची या देशातली पहिली नेमणूक. तेव्हापासून त्याने कधी कोणाच्या अध्यात-मध्यात न पडता नोकरी केली. हिवाळ्यात मटारबरोबर रस्सा, लग्नाच्या पंगतीत मिक्स भाजी, गाजराच्या सोबतीने लोणचं, पावभाजीत बिनबोभाट हजेरी. प्रतिकूल शेरा म्हणाल तर गोव्यातला. म्हापसा नगरपालिकेने २०२४ मध्ये गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी आणली. पण तिथेही तक्रार कृत्रिम रंगाची आणि अस्वच्छतेची होती; फ्लॉवरची त्यात चूक काहीच नव्हती. घराणं मात्र वजनदार. कोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि हल्ली भलताच भाव खाणारं केल, ही सगळी मंडळी वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी एकाच प्रजातीची आहेत. एवढी घराणेशाही असूनही त्यांच्यातल्या कोणी आजवर भाताच्या खुर्चीवर डोळा ठेवला नव्हता.

आता या नव्या पदाच्या कामाची पद्धत. आधी फ्लॉवरचे तुरे सुटे करून हळद-मिठाच्या गरम पाण्यात बुडवायचे आणि तरंगत वर येणाऱ्या हिरव्या अळीला सन्मानाने निरोप द्यायचा. शाकाहारी मंडळींनी हा टप्पा चष्मा लावून पार पाडावा. मग तुरे किसणीवर किसायचे किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. एक फेरा जास्त झाला की भाताची चटणी होते. त्यानंतर तो कीस स्वच्छ पंचात बांधून पिळायचा, कारण १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये ९२ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्या भुग्याला पसरट कढईत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटं परतायचं. झाकण ठेवलं किंवा लक्ष नसताना जरा जास्त शिजलं, की त्यातली गंधकाची संयुगं घरभर फिरायला निघतात आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार वाजवून विचारतात, “गॅस उघडा राहिलाय का हो?”

खरी कसोटी पानात लागते. मूद पाडायला जावं, तर वाटी उचलताच मूद चारी दिशांना पांगते. तांदळाचा दाणा शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, दाण्याला दाणा धरून ठेवतो आणि वर पडलेलं वरण पोटात घेतो. फ्लॉवरकडे स्टार्च नावापुरताच. किंबहुना याच पात्रतेवर त्याची निवड झालेली असते. त्यामुळे वरण ताटभर दौरा काढतं, कोशिंबिरीची भेट घेतं, लोणच्याच्या फोडीला प्रदक्षिणा घालतं. तुपाची धार कुठे गेली, याचा तपास लागत नाही. अशाच एका घरात पान वाढल्यावर आजी म्हणाली, “अगं, भात वाढायचा विसरलीस.” नात म्हणाली, “आजी, हाच भात.” आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “बरं. मग भाजी कुठाय?”

आकडे मात्र फ्लॉवरच्या बाजूचे आहेत, हे मान्य केलं पाहिजे. शिजवलेल्या १०० ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये २५ कॅलरी आणि ५ ग्रॅम कर्बोदकं; त्यातलेही २ ग्रॅम तंतू. ज्याची साखर वाढली आहे आणि जो डॉक्टरांना विचारून जेवतो, त्याला याचा खरोखर उपयोग आहे. त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. आमचा रोख आहे तो दुसऱ्या वर्गावर. हा वर्ग दुपारी भातातल्या शंभर कॅलरी वाचवतो आणि ‘आज कार्ब्ज घेतलेच नाहीत’ या समाधानात चार वाजताच्या चहाबरोबर खारीचा अर्धा पुडा संपवतो. फ्लॉवरचा लगदा बटाट्यासारखा लागावा म्हणून त्यात इतकं लोणी, क्रीम आणि चीज घालतो, की नुसता उकडलेला बटाटा खाल्ला असता तर माणूस स्वस्तात सुटला असता.

या फायलीचा पूर्वेतिहासही वाचनीय आहे. लंडनचे विल्यम बँटिंग हे अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याच्या धंद्यातले गृहस्थ. वजन उतरवण्यासाठी त्यांनी पाव, साखर, बिअर आणि बटाटा सोडला, गुण आला, आणि १८६३ मध्ये त्यांनी पदरमोड करून त्यावर पुस्तिका छापली. आपलीच गिऱ्हाइकं लांबणीवर टाकणारा असा धंदेवाला विरळा. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी किटोजेनिक आहार सुचवला. १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांच्या पुस्तकाने कर्बोदकं तोडण्याचा विचार घरोघरी नेला. आपल्याकडे पोहोचायला मात्र त्याला व्हॉट्सअॅपची वाट पाहावी लागली. फिट्स येणाऱ्या रुग्णासाठी, वैद्यकीय देखरेखीत द्यायचा आहार आता सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार आणि पार्किंगमध्ये गाडी कोणाची, या दोन निरोपांच्या मध्ये येऊन पडतो.

अमेरिकेतल्या भाताने मात्र हा अन्याय मुकाट्याने सोसला नाही. त्या देशातला जवळपास निम्मा तांदूळ एकट्या आर्कान्सा राज्यात पिकतो. २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला की, जो तांदूळ नाही तो पाकिटावर ‘राइस’ म्हणून विकायचा नाही. विकला तर प्रत्येक उल्लंघनामागे हजार डॉलरपर्यंत दंड. शेजारच्या लुइझियानानेही त्याच वर्षी कायदा करून भाताची बाजू घेतली. आपल्याकडे तांदळामागे असं बळ उभं राहिलं असतं तर? मावळातून इंद्रायणीचा, आजऱ्याहून घनसाळचा आणि भंडाऱ्याहून चिन्नोरचा मोर्चा निघाला असता. विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदार भाताच्या लोंब्या घेऊन बसले असते. घोषणा झाल्या असत्या, सभात्याग झाला असता, शेवटी उच्चस्तरीय समिती नेमली गेली असती. तिचा अहवाल येईपर्यंत जनता फ्लॉवर सोडून किनोआवर गेली असती.

पण कायद्याने जे साधलं नाही ते भाताने मागच्या दाराने साधलं. बाजारात फ्लॉवरच्या पिझ्झा बेसची तयार पाकिटं मिळतात. पुढच्या बाजूला फ्लॉवरचा हसरा फोटो असतो. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, तर त्यातल्या अनेकांवर फ्लॉवरच्या पाठोपाठ तांदळाचं पीठ आणि कॉर्नस्टार्च बसलेले दिसतात. कारण नुसत्या फ्लॉवरचा बेस उचलला की तुकडे होतात. त्याला धरून ठेवायला कोणीतरी लागतंच. निलंबित अधिकारी त्याच खात्यात सल्लागार म्हणून परतले आहेत आणि काम तेच करत आहेत. सरकारी नोकरीतल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

खरं तर या विषयात आपण कोणाची शिकवणी लावण्याची गरजच नव्हती. भाताला पर्याय शोधण्यात आपला हात कोण धरणार? एकादशीला भात बंद. लगेच त्याच्या जागी वरीचा भात हजर, त्यावर दाण्याची आमटी, शेजारी उपवासाची बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तांदूळ वर्ज्य म्हणून त्याच्या वरताण माल आपण भक्तिभावाने खातो आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण खरी करून दाखवतो. अमेरिकनांनी याच्या उलट उपवास काढला. त्यात साबुदाणाही नाही आणि बटाटाही नाही. आता काही उत्साही मंडळी दोन्ही उपवास एकदम धरू लागली आहेत. किटोला साबुदाणा चालत नाही आणि एकादशीला फ्लॉवर चालत नाही. अशा माणसाच्या ताटात शेवटी मूठभर शेंगदाणे आणि पुण्य एवढंच उरतं.

फ्लॉवरच्या या बढतीचा लाभ ज्याच्या रानात तो पिकतो त्याला झाला असेल, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. गड्डा पांढराशुभ्र राहावा म्हणून शेतकरी त्याचीच पानं दुमडून त्यावर सावली धरतो. अळीसाठी फवारण्या करतो. गड्डे काढून क्रेट भरतो, बाजार समिती गाठतो. भाव पडला की गाडीभाडंही सुटत नाही. मग उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरतो किंवा जनावरं सोडली जातात. तोच फ्लॉवर शहरात किसून, गोठवून, चकचकीत पाकिटात बसला की त्याच्या किमतीला पंख फुटतात. दोन्हींमध्ये फरक फक्त किसणीचा, पण सगळा नफा त्या किसणीला. गंमत अशी की, निलंबित भाताला केंद्र सरकारचा हमीभाव आहे. एकट्याने तीन-चार पदं ओढणाऱ्या फ्लॉवरचं नाव त्या यादीत नाही. कार्यभार अतिरिक्त, भत्ता शून्य!

तेव्हा आमचा निवाडा असा. फ्लॉवर ही उत्तम भाजी आहे. तिला हिंग-मोहरीची फोडणी द्या, ओला नारळ घाला, तव्यावर कडा खरपूस होईपर्यंत भाजा, ताटातली तिची जागा दुप्पट करा. तिला भाताचं सोंग घ्यायला लावू नका. त्यात तिचीही शोभा होते आणि वरणाचीही. भात कमी करायचा असेल तर डाव लहान घ्या आणि दुसऱ्यांदा पातेल्याकडे हात नेऊ नका. या उपायाला पाकीट लागत नाही, अॅप लागत नाही आणि त्यावर कोणी रील काढत नाही, म्हणूनच तो कोणाला ठाऊक नाही. आणि एक कराच. किसलेल्या फ्लॉवरच्या पाकिटाला मॉलमध्ये मुकाट्याने पैसे मोजता ना? मग मंडईत अख्खा गड्डा घेताना भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नका.