फुगा, लोणचं आणि मालेगाव

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा असल्याने वाशीम जिल्हा निवांत बघायला मिळत नाही. कारंजा आलं म्हणेपर्यंत शेलूबाजार येतं. तिथेच काकांनी पाय पसरायला सीट मागे ढकलली आणि समोर एअरबॅगचा दिवा लागला. त्यावरचं चित्र म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्या पोटासमोर मोठा गोळा. काकांना तो स्वतःच्या तब्येतीवरचा शेरा वाटला.

शेलूबाजारला खाली उतरून चहा घेतला. टपरीवर सल्ला फुकट होता. एक म्हणाला, काळी टेप चिकटवा. दुसरा म्हणाला, बल्बच काढा. तिसऱ्याने हिशेब मांडला, "फुगा न फुटलेलाच बरा जी, नवा लय महाग येते." दिवा विझवायची सगळ्यांनाच घाई, तो लागला का, हे कुणी विचारेना.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन करून सांगितलं, आम्ही मालेगावच्या दिशेने निघालोय.

"नाशिकचं ना, सर?"

"नाही, वाशीमचं."

"सर, आमच्याकडे एकच मालेगाव आहे."

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. बातमी पोचायला वेळ लागतोच.

मालेगावात रस्त्याकडेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला. त्याने चावी काढून घेतली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि स्टुलावर जाऊन बसला.

"अहो, सुरू करा ना," काका म्हणाले.

"थांबा ना जी. आतमधला करंट उतरू द्या. आताच हात घातला अन् फुगा फुटला, त सीट तुमची, पण दात माये."

बाजूचा फुगा सीटच्या कुशीत असतो आणि त्याची वायर सीटखालून जाते. वायर जोडणारा कपलर पिवळा, म्हणजे उगाच हात लावू नये. ह्या सर्किटचा रेझिस्टन्स जेमतेम दोन-तीन ओहम. पिन जराशी सैल पडली तरी संगणकाला तो वाढलेला दिसतो आणि दिवा लागतो. मग अपघातात फुगा उघडेलच, याची खात्री नाही. तेवढ्यात जमलेल्यांपैकी एकाने टेस्टर पुढे केला. फुगा फुटू नये म्हणून इलेक्ट्रिशियनने तो हिसकावून थेट खिशात घातला.

मग तो सीटखाली शिरला. "पिना टेकल्यावानी दिसते जी, पण टेकत नाई. शिरपूरच्या देवावानी."

अंतरिक्ष पार्श्वनाथांचं शिरपूर याच रस्त्यावर पुढे आहे. ती मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी भाविकांची श्रद्धा. इथल्या पिना मात्र कळकून हिरव्या झाल्या होत्या. हात आणखी आत गेला आणि बाहेर आली ती बरणी. रिसोडला काकूंच्या भाच्याचा साखरपुडा, त्यासाठीचं कैरीचं लोणचं. सीट सरकली तसं झाकण दबलं आणि खार कपलरमध्ये उतरला. मागच्या खेपेलाही बरणी तिथेच होती म्हणे, कीट तेव्हाचा.

"लोणचं कायले ठेवलं जी इथं?"

"सांडू नये म्हणून, भाऊ," काकू म्हणाल्या. यावर तो काय बोलणार!

स्प्रे मारून, बारीक ब्रशने घासून त्याने पिना चकचकीत केल्या. मोडलेल्या लॉकला पट्टी बांधली, बॅटरी जोडली, स्कॅनर लावून जुना एरर पुसला. चावी फिरवली, दिवा क्षणभर उजळला आणि विझला. "हे आजच्यापुरतं हाये. नागपूरले गेल्यावर कपलर नवा टाका," त्याने बजावलं आणि बोट चाटून म्हणाला, "मीठ जरा जास्त झालं, मावशी."

काकू शिरपूरपर्यंत त्याच्यावर बोलत होत्या. रिसोडला मात्र या लोणच्याने गाडीचा काँप्युटर बंद पाडला, हे त्यांनी विहिणीला इतक्या अभिमानाने सांगितलं, की तिने बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि जेवणात वाढलीच नाही.